थोडक्यात वर्णन करा

शाळेच्या बॉलचं पत्र आलं.
मुलांनी गडद सूट, टाय, काळे बूट,
आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
सांस्कृतिक पोशाख चालेल, आधी फॉर्म भरावा.
फॉर्मवर काडेपेटीएवढी एक चौकट.
पोशाखाचं थोडक्यात वर्णन करा.

आई विमानतळाच्या धुलाईघरातून नुकतीच आलेली,
चादरींच्या वाफेने बोटं सुरकुतलेली.
तूच लिही मेलेआने, म्हणाली, तुझं अक्षर बरं.
मी लिहिलं: चटई. कमरेला.
ते वाचून आम्ही दोघी इतक्या हसलो
की लिसिआते दार आपटून खोलीत गेला.

त्याला सूट हवा होता,
मांगेरेच्या दुकानातला, भाड्याचा,
खांद्यावर चमक असलेला.
नाहीतर निदान चुलतभावाची नवी चटई,
कडक, पिवळीधमक, काठाला रंगीत लोकर.
पण आमच्यात आत्याचा शब्द शेवटचा,
वडिलांचंही त्यापुढे चालत नाही,
आणि लावीनिया आत्या दोन बस बदलून आली
मांडीवर आडवी वळकटी घेऊन.

उलगडली. केवड्याच्या कुळातली पानं,
मधाच्या रंगाला आलेली, धुवून धुवून मऊ झालेल्या
कापडासारखी हाताला लागणारी.
काठ विरलेला. मधोमध दोन भोकं.
"ही?" लिसिआते म्हणाला. "ही फाटलीय."
"म्हणूनच," आत्या म्हणाली,
आणि काथ्याची दोरी त्याच्या कमरेला अशी आवळली
की पुढचा प्रश्न त्याच्या पोटातच राहिला.
आवळता आवळता ती नावं घेत होती,
ही कुणाकुणाच्या कमरेला होती त्यांची:
एक लग्न, दोन मर्तिकं,
बेटावरचं चर्च उघडलं तो दिवस,
आमचे वडील विमानात चढले ती सकाळ.

माझ्या बॉलला मी जांभळं सॅटिन घातलं होतं.
सोमवारी दहाच्या आत परत करायचं होतं.
फोटोत मी कुणीही असू शकते.
हे मी त्याला सांगितलं नाही.

गाडीत त्याला बसता येईना,
बसला की चटई बरगड्यांत चढायची.
शेवटी सीट मागे पाडून
ओंडक्यासारखा आडवा झाला, छताकडे बघत,
उजवा पंजा भोकांवर झाकण ठेवल्यासारखा.
सिग्नलला शेजारच्या गाडीतलं पोर
त्याला बघून घाबरलं. तेव्हा तो जरा हसला.

दारावर प्रेंडरगास्ट बाई, हातात यादी.
त्या चांगल्या आहेत, तीच तर अडचण.
"अरे, इथे उसवलंय, थांब,"
असं म्हणून स्वतःच्या जाकिटाची सेफ्टी पिन
काढून त्यांनी पुढे केली.
मी काच खाली करून बघत होते,
इंजिन चालू, पाय क्लचवर.
लिसिआतेने पिन घेतली. थँक्यू म्हणाला.
शर्टाच्या खिशाला लावली, पदकासारखी,
आणि आत गेला.
दोन्ही हात मोकळे होते त्याचे.
मला एवढंच दिसलं.

साडेअकराला परत आला तेव्हा
चटईवर नाण्याएवढा लाल डाग.
आईने कपाळाला हात लावला.
आत्या जागीच होती.
नाच कसा झाला, कोण भेटलं, काही विचारलं नाही,
चटई सोडून स्वयंपाकघराच्या ट्यूबखाली नेली,
डाग हुंगला.
"काय आहे?"
"रासबेरी. कुणाचातरी धक्का लागला."
तिने तो पुसला नाही, पाण्याचा हातही लावला नाही.
आईच्या गादीखाली चटई सपाट पसरताना
पुन्हा सगळी नावं घेतली, पहिल्यापासून,
वडिलांपर्यंत आली,
थांबली, घसा खाकरला.

लिसिआते बूट हातात घेऊन
दारातच उभा.