वकिलीण

दाभोळहून खालाचा फोन:
"रुमाना वकिलीण होणार म्हणे. मुलगा कुठला?"

मी शारजात, एसीच्या फुंकरीखाली
फौजदारीच्या नोट्स काढत होते.
"मुलगा नाही, खाला. मीच."
तिकडे खाडीचा वारा, मग एक हुंकार:
"म्हणजे तशी वकिलीण."

पाटलीण, मास्तरीण, डॉक्टरीण:
आमच्याकडे या पदव्या नवऱ्याकडून मिळतात.
लग्नाच्या दिवशीच दीक्षांत.

इथे कॉलेजला दोन फाटकं.
आमचं वाचनालय साडेआठला बंद, मुलांचं अकराला.
निकालांचे जाड खंड त्यांच्या बाजूला,
आमच्या बाजूला झेरॉक्स,
आणि प्रत्येक झेरॉक्सच्या कोपऱ्यात
पान धरणाऱ्या कुणाच्या तरी अंगठ्याची काळी सावली.
मोझाने त्याचं बारसं केलंय: समंजस माणूस.

कारण सर दर तासाला विचारतात,
"अशा वेळी समंजस माणूस काय करेल?"
आम्ही वहीत लिहून घेतो.
तो टॅक्सीत बसल्यावर
नंबरप्लेटचा फोटो बापाला पाठवतो का,
हे अजून कुणी विचारलेलं नाही.

वारसाहक्काच्या तासाला फळ्यावर अपूर्णांक.
मयताच्या मागे एक मुलगा, एक मुलगी.
उत्तर सगळ्यात आधी माझं आलं,
माझ्या विरुद्ध आलं,
आणि दहापैकी दहा मिळाले.

मुबीन, माझा भाऊ, कतारला वेल्डिंग करतो.
त्याच्या मनगटावर ठिणग्यांचे बारीक डाग आहेत,
माझ्या फीच्या पावत्या जणू.
दोन भागवाल्याने एक भागवालीला
शिकायला घातलंय.
हे कुठल्या छेदावर मांडू?

फेब्रुवारीत अभिरूप न्यायालय झालं.
दोन्ही फाटकं एका सभागृहात,
मधे खुर्च्यांची एक रिकामी रांग.
खटला टगबोटीचा, तुटलेल्या दोराचा.
पप्पा पंचवीस वर्षं इथल्या बंदरात टग चालवतात.
दोर तुटण्याआधी कसा कण्हतो
हे मी जेवताना ऐकत वाढले.
ते सांगितलं, तर न्यायाधीशांनी
माझ्या जोडीदाराकडे पाहिलं.
इयादला दोर ठाऊक तो बुटाचा.
त्याने मान डोलावली.
मग ते खरं झालं.

शेऱ्याचा कागद नंतर मिळाला.
इयाद: ठाम.
मी: तयारी उत्तम, सूर जरा सौम्य हवा.
इयादला लाज वाटली असावी,
त्याने मला कराक चहा पाजला.
मी प्यायले. चहाचा काय दोष.

अरबीच्या तासाला मात्र गावची माणसं भेटतात:
वकील, हक्क, दावा, तारीख, वारस, जामीन.
कुठल्या वाटेने, किती हातांतून
हे शब्द आमच्या कचेरीत येऊन बसले कोण जाणे;
मी त्यांना माहेरी घेऊन आलेय.
आणि इथे बाई वकील असेल
तर शब्दाच्या शेवटी एक गोल अक्षर लागतं,
डोक्यावर दोन ठिपके.
मुहामिया. बस्स.
नवरा लागत नाही.

काल खालाचा व्हॉइस मेसेज आला.
दोन मिनिटं चौदा सेकंद, कुजबुजत,
मागे कुकरची शिट्टी.
दिराने तिच्या नावावरचे दोन माड पाडले.
विचारलं तर म्हणाला, तुला काय करायचेत.
मी विचारलं, कागद आहे?
म्हणाली, आहे. तांदळाच्या डब्यात.
फोटो पाठव, म्हटलं.

अर्ध्या तासाने आला, जरा हललेला.
सात-बाराचा जुना, दुमडलेला उतारा,
वर दोन-चार तांदूळ,
आणि कोपऱ्यात, पान घट्ट धरून,
तिचा अंगठा.