शेवटचे तीस हात

चोडणच्या धक्क्याला मी एकतीस वर्षं फेरीबोट लावली.
लावली म्हणतो, चालवली नाही म्हणत.
चालवायला कुणालाही येते :
मांडवी ओळखीची, दोन्ही काठ डोळ्यांसमोर.
खरे काम शेवटच्या तीस हातांचे.
इंजीन कधी सोडायचे, उलटे कधी घ्यायचे,
भरतीला किती, ओहोटीला किती.
घाईने सोडले तर बोट आडवी होते
आणि पुढच्या फळीवरचा स्कूटरवाला
आईवरून शिवी देतो.

आता माझ्या काळजात दोन स्प्रिंगा आहेत.
पेनात असते तसली, डॉक्टरने
केसपेपराच्या कडेला काढून दाखवली.
गोळ्याही दोन. पांढरी कायम नोकरीवर,
गुलाबी कंत्राटी, वर्षभराची.
मी खात्यातला माणूस,
मला हे लगेच समजले.

वर्षभर रक्त पातळ.
कोपर कुठे आपटले आठवत नाही,
पण सकाळी तिथे जांभूळ पिकलेले.
दाढीला न्हाव्याकडे जाणे बंद;
त्याचाच हात कापायचा.
सुलक्षाने आडोळी माळ्यावर टाकली.
नारळ किसायचे काम गेले, तेव्हा मात्र
पेन्शनीत निघाल्यासारखे वाटले.

कायतानच्या स्प्रिंगा माझ्यानंतरच्या.
त्याची दाढ ठणकत होती.
काढताना रक्त थांबणार नाही, असे कुणीतरी तिंट्यावर म्हणाले
आणि त्याने दोन्ही गोळ्या सोडल्या.
डॉक्टरला विचारले नाही. दाढवाल्याला सांगितले नाही.
पाचव्या दिवशी फेरीच्या रांगेत
स्कूटरवर बसल्या बसल्या त्याने मान खाली घातली.
बोट लागली. मागच्यांनी हॉर्न वाजवले.
पुढची रांग बोटीत शिरली,
तो तिथेच.
दाढ अजून तोंडात होती.

मार्चमध्ये माझे नाक फुटले.
उशी, बनियन, सुलक्षाचा हात, सगळे लाल.
पाकीट उचलून मी मागच्या दारी गेलो,
विहिरीच्या काठापर्यंत.
तिथे उभा राहून नाक दाबले, पुढे वाकलो,
आणि बांबोळीला फोन लावला.
पलीकडून कुणी बाई म्हणाली,
बाबा, आता इथे या, नाक बघू दे.
आणि गोळी तुम्ही नाही थांबवायची.
थांबवायची झाली तर आम्ही सांगू.
मला तिचा राग आला.
एकतीस वर्षं मीच सांगत होतो कधी थांबायचे.

परवा वर्ष भरले.
छातीचा कागद काढला, पोटाचे विचारले,
नाकाचे दोनदा विचारले.
मग लाल पेनाने गुलाबीवर एक रेघ.
ही आजपासून नको.
पांढरी मात्र चालूच. दात काढा, मोतीबिंदू काढा,
आधी मला विचारा.
आणि छातीत दुखले, घाम सुटला,
तर सकाळची वाट बघू नका.
एवढेच. मला वाटले होते
काहीतरी जास्त लागेल.

रायबंदरहून परतताना बोटीवर नवीन पोरगा होता.
त्याने इंजीन सोडले, जरा लवकरच.
मी कठड्याला हात लावून उभा.
आवाज गेला, बोट जातच राहिली.
लोक बोलत होते, एक बाई मोबाइलवर
कुणाला तरी भात लावायला सांगत होती.
पाणी बोटीला नेत होते, की बोटच अजून
मघाच्या जोरावर होती, सांगता येत नाही.
तीस हात. बरोबर लागली.
मी पोराकडे पाहून मान हलवली,
त्याला कशाबद्दल ते कळले नसावे.

आज दहावा दिवस.
डबीच्या डाव्या खणात सुलक्षाने
ब्लाउजाचे हूक ठेवलेत.
मघाशी तिने आडोळी पुढ्यात आणली,
वर अर्धी कवड.
काही बोलली नाही.
मी बसलो. हात विसरला नव्हता, पण घाबरत होता.
ती चुलीकडे वळून म्हणाली,
वेळ लागला तर लागू दे.
हुमणात रक्त नको.