आठ पदरी

सुओनेनयोकी. जानेवारी. बाहेर उणे एकोणीस.
स्पिरिटची बाटली सकाळीच बर्फात खोचून आले,
शाळेच्या फ्रीजरपेक्षा अंगण भरवशाचं.
सत्तावीस वर्षं मी हाच प्रयोग करते
आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच,
"बाई, उरलेलं खाल्लं तर चालेल?"

गेल्या जुलैतल्या स्ट्रॉबेऱ्या, दगड झालेल्या.
झाकणावर शेताचं नाव, पुसट.
ओरिस्या ते अक्षर अक्षर लावत वाचते,
"ह्या आईनं खुडल्यात. कदाचित."
ओत्सो हसतो. मी नाही हसत.
तिची आई दोनच महिन्यांसाठी आली होती,
त्याला आता चार उन्हाळे झाले.

पिशवीत घाला. चिरडा, हलक्या हातानं.
चिमूटभर मीठ, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब;
पेशीची भिंतच काय, आतला स्निग्ध पडदाही
साबणापुढे टिकत नाही.
कॉफीच्या फिल्टरमधून गाळा.
घाई नको.
ओत्सो, घाई नको म्हटलं ना.

मग ती बर्फातली बाटली.
काचेच्या कडेनं, जपून, लाल रसावर स्पिरिट उतरतं,
आणि दोघांच्या सांध्यावर
पांढुरकं काही धरू लागतं,
तळ्यावर पहाटे धरतं तसं.

वर्ग गप्प.
हेही दरवर्षी होतं. मला सवय झालेली नाही.

"शी! शेंबूड!"
ओत्सोचं अगदीच चूक नाही.
हा एक धागा नव्हे, मी सांगते,
असंख्य धाग्यांचा गुंता, शिवाय फळाचा चिकटा.
एकेक गोफ सुटा करणं आपल्या काडीचं काम नव्हे.
तुमच्याआमच्या पदरी प्रत्येक पान दोनदा,
एक आईकडून, एक बापाकडून.
हिच्या पदरी आठ-आठ प्रती.

ओरिस्या काडीवर गुंता गुंडाळत राहते.
"यात शेत लिहिलेलं असतं?
कुणी खुडलं, ते?"

नाही.
कसं व्हायचं एवढंच असतं यात.
कुठे झालो, ते नाही.

"मग ते कुठे असतं?"

घंटा झाली. म्हणजे, मी होऊ दिली.

चार वाजता अंधारात बरण्या विसळताना
तो डबा हाती आला.
झाकणावरचं पुसट नाव
निळ्या पेननं पुन्हा गिरवलेलं,
खाली आणखी एक ओळ, तिच्या लिपीत.
मला ती वाचता येत नाही.
डबा मी फ्रीजरमध्ये परत ठेवला,
झाकण वर करून.