पाळण्याची उंची

येत्या तीस तारखेला किल्ली देऊन टाकायची आहे,
अंगणवाडीची आणि लोखंडी कपाटाची.
नवी मुलगी होंड्याची. हुशार आहे.
तिच्या मोबाइलात सगळं गाव मावतं,
बोट लावलं की नाव येतं, बोट लावलं की जातं.

माझ्याकडे वह्या आहेत. एकतीस वर्षांच्या.
निळ्या पुठ्ठ्याच्या, कसर लागलेल्या,
पिसुर्ल्याची लाल धूळ पानापानांत,
खाण बंद पडली तरी ती झटकून जात नाही.

वाशाला टांगलेला काटा,
त्याखाली माझ्या जुन्या लुगड्याची झोळी.
एकेक मूल तिच्यात लोंबकळलं, रडलं, मुतलं,
आणि मी वाचत गेले: तीन दोनशे, चार सातशे.
तक्त्यावर टिंब. टिंबाला टिंब जोडून रेघ.
रेघ वर चढली पाहिजे, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.
रेघ थांबते तेव्हा काय करायचं
ते त्या दिवशी शिकवायचं राहून गेलं असावं.

स्वरांगी उमेश गावस.
पाच टिंबं.
पाचव्या वेळी झोळीत घालताना
दंडावर चार बोटं दिसली मला. निळी, ओळीने.
सुकांती, तिची आई, माझ्याकडे नाही,
काट्याकडे बघत होती.
‘पाळण्यातून पडलं गो,’ आजी दारातूनच म्हणाली.
मी लिहिलं: पाच किलो नऊशे.
शेरा या रकान्यात लिहिलं: सर्दी.

सर्दी होतीच. खोटं नाही लिहिलं.

सोमवारी पोदेराचा भोंगा वाजत असतानाच
कुणीतरी सांगत आलं, बांबोळीला नेलं.
दुसऱ्या दिवशी आणलं, पांढऱ्या फडक्यात.
दात आले नव्हते, म्हणून अग्नी नाही.
काजूंच्या मळ्यात, ओहळाच्या अलीकडे खड्डा,
मूठभर मीठ,
वर काटेरी फांद्या आणि दगड, कोल्ह्यांसाठी.
अशांना तिथी नसते.
म्हाळाला पणजोबांचं पान वाढतात,
बिनलग्नाच्या काकाचं वाढतात,
कावळ्याला हाका मारमारून घसा बसतो,
हिचं पान कुणी वाढत नाही.

बायका म्हणाल्या, सटीने लिहिलं होतं तेवढंच.

सहाव्या रात्री मी होते त्या घरी.
पाटावर कोरा कागद मीच ठेवला होता, शेजारी पेन.
सकाळी कागद कोराच होता.
दंडावरचं अक्षर सटीचं नव्हे.
ज्याचं होतं तोही याच झोळीत बसला होता,
सत्त्याण्णव साली, गुबगुबीत, हसरा.
त्याची रेघ मी अजून काढून बघते.
कशी सरळ वर गेली आहे,
कुठेही वाकलेली नाही.

आता तो कोलवाळच्या तुरुंगात आहे.
शेजारची सातवीतली पोर बोलली पोलिसांशी.
मी नाही.

आणखी एक आहे, बारशाआधीचा.
वहीत नुसतं ‘प्रेमावतीचा मुलगा, दिवस नऊ’.
त्याला काय हाक मारणार होते ते विचारलं नाही मी.
विचारायला हवं होतं,
निदान हाकेपुरतं.

नवी मुलगी म्हणते, बाय, या जुन्या नोंदी काढून टाकूया?
यंत्र रोज विचारतं: वजन का भरलं नाही?
मी म्हटलं, विचारू दे.
रोज विचारू दे त्याला.

मग तिला शेजारी बसवून काटा कसा शून्यावर आणायचा ते दाखवलं,
सांगितलं की झोळी आधी उन्हात धरायची, थंड कापडाला पोरं दचकतात.
आणि कुणी म्हणालं ना, पाळण्यातून पडलं,
तर वही मीट. चप्पल घाल. त्या घरी जा.
पाळणा किती उंच बांधलाय ते आधी बघ.

गावसांकडचा
जमिनीपासून वीतभर वर होता.
खाली गोधडी अंथरलेली.
सहाव्या रात्री मीच ती घडी घालून बाजूला ठेवली होती.