अठ्ठेचाळीस तास

कानामागे, केस सुरू होतात त्या रेषेच्या जरा खाली
चण्याच्या डाळीएवढा ठिपका.
आजचं काम एवढंच.
वाळू द्या, दोन दिवस धुऊ नका, परवा येते,
म्हणते मी, आणि हेल्मेट घालते.

निखारे काकू फाटकापर्यंत येतात.
"एवढ्याशासाठी मानेवाड्याहून आली तू?
गोधनी का जवळ आहे का व बाप्पा!"
जवळ नाही. पेट्रोल माझं, ऊन सगळ्यांचं.
डिकीत वाटी, ब्रश, जुना टॉवेल,
आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या ट्यूबा,
तान्ह्या पोरासारख्या.

लोकांना ठिपका अपमान वाटतो.
"वीस वर्षं लावते मी, कधी काही झालं नाही."
हे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर
उभ्या रेघा मारून मोजायला घेतलं होतं.
सत्त्याहत्तरनंतर सोडून दिलं.
वीस वर्षं काही होत नाही
आणि एकविसाव्या वर्षी अंग हिशेब मागतं,
हे कसं सांगायचं कुणाच्या घरी चहा पिता पिता?
मी फक्त विचारते,
पोरीच्या लग्नात काळी मेंदी काढली होती का?
खाजली होती?
"खाजली थोडीशी. मेंदीच ती, खाजणारच."
'थोडीशी'खाली मी रेघ मारते.

वही अशी आहे:
पराते, डावा कान, सव्वाचार वाजता. काही नाही.
उमरेडकर, उजवा कोपर. दुसऱ्या दिवशी लाल. नको.
ढोबळे, फोन उचलत नाहीत.
(ढोबळे पार्लरमध्ये गेल्या असतील.
तिथे ठिपका नाही, एसी आहे.)

एक पान मी डिंकानं चिकटवून टाकलंय.
त्यात कळमन्याचं लॉन आहे, हळदीची संध्याकाळ,
नवरीची आत्या, "आजच कर ना व माय, उद्या फोटो आहेत,"
पाचशेच्या दोन नोटा,
आणि माझं हो.
सकाळी तिला डोळे नव्हते.
दोन पुऱ्या होत्या, टम्म.
लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही.
मेयोच्या बाकड्यावर माझाच हात धरून म्हणाली,
"रडू नको पोरी, तुले का माहीत होतं."

माहीत होतं.
खोक्याच्या आत घडी घातलेला कागद असतो,
मुंगीच्या अक्षरांत, नऊ भाषांत.
मराठी नसते त्यात.
तरी माहीत होतं.

परवा म्हणजे आज.
काकूंचा कान मी खिडकीशी नेते,
पाळी दुमडते, बोट फिरवते.
कातडी गप्प आहे. कालच्यासारखीच सुरकुतलेली, थंड.
"पास झाली का मी?"
झालात काकू.
हातमोजे चढवते, आतून सुती, वरून रबरी.
भांगापासून सुरू करते, मागे जाते.
कूलरचं पाणी गुळगुळतं, खसचा वास
रंगाच्या वासाला थोपवू पाहतो, जमत नाही.

"तुझ्याच भांगात पांढरे दिसून राह्यले," आरशातून काकू.
"लोकाईचे रंगवते, स्वतःचे काहून नाही?"

माझा ठिपका उठला होता, काकू.
दोन वर्षं झाली. मनगटावर, हे बघा, अजून डाग आहे.
"मंग हे काम..."
पुढचं त्यांनी गिळलं.
मी वाटीतला ब्रश उगाच आणखी एकदा घोळवला.

मग काकू उठल्या.
अर्धं डोकं काळं, अर्धं कापूस,
खांद्यावर टॉवेल, कपाळावर ओघळ,
तशाच गेल्या कूलरपाशी
आणि त्याचं तोंड दोन्ही हातांनी
माझ्याकडे वळवलं.

बसा काकू, म्हटलं मी.
मान हलवू नका.