एक इंच खाली

गाडी घेतली तेव्हा उंचीचेच पैसे मोजले होते.
सात सीटांची, काळी, जुनी,
एका साखर कारखान्याच्या संचालकाची.
चढायला पायरी. आत बसलं की
सात रस्त्यावरची सगळी डोकी खाली.
टॉवेलच्या गठ्ठ्यांचा हिशेब करणारा मी
पहिल्यांदाच लोकांच्या टकलांकडे बघत होतो.

मग तुळजापूरच्या घाटात, रात्री,
वळणावर म्हैस.
मी स्टेअरिंग डावीकडे, लगेच उजवीकडे.
गाडीनं ऐकलं, पण उशिरा,
थोराड माणसानं झोपेत कूस बदलावी तसं.
आधी चाकं वळली, मग अंग,
मग मागच्या सीटवरचा शेंगाचटणीचा डबा,
सगळ्यात शेवटी पद्मजा, दारावर.
म्हैस उभीच. रवंथ करत.
एका बाजूची दोन चाकं क्षणभर
कुणाचीच नव्हती.

त्यानंतर पद्मजा माहेरी यष्टीनं जायला लागली.
भांडली नाही. एवढंच म्हणाली,
"तुमच्या गाडीत मी पुढं जाते, पोट मागं राहतं."

अक्कलकोट रोडला चनवीर कलशेट्टीचं गॅरेज.
पत्र्याखाली त्रेचाळीस अंश,
लिफ्टवर कुणाची तरी जीप, तिला तीन इंच वर हवं होतं.
"समद्यास्नी वरच पायजे असतंय," तो म्हणाला,
आणि माझ्या बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवून
अख्खं वजन टाकलं, सोडलं.
गाडी खाली, वर, खाली, वर, परत खाली.
"एकदाच वर येऊन गप बसाय पायजे, मालक.
ही अजून नाचतीय."

शॉकअप गळून गळून थकलेले,
तेलावर धूळ बसून चामडं झालेलं.
बुश फोलपटासारखे कुस्करलेले.
टायर मला बरे वाटत होते.
त्यानं नखानं कडेवरचे चार आकडे दाखवले,
आठवडा आणि साल. साल आठ वर्षांपूर्वीचं.
"नक्षी हाय. पकड न्हाई."

चहा आला. मी विचारलं,
हा जाड बार कशाला, खर्च वाढवायला?
तो उठला.
हा माणूस दर जानेवारीत, गड्ड्याच्या दिवसांत,
बाराबंदी घालून नंदीध्वज पेलतो.
रिकाम्या कमरेपाशी त्यानं दोन्ही हात धरले,
नसलेली काठी उचलली
आणि ग्रीसच्या डागांतून चालायला लागला.
"वरच्या टोकाकडं बगायचं न्हाई.
ते कललं म्हंजे उशीर झाला.
आधी कमरेत कळतंय. गुडघ्यात. अंगठ्यात.
शॉकअप म्हंजे गुडघे, टायर म्हंजे तळपाय,
आन् बार म्हंजे,
एका पायावर भार आला की
दुसऱ्या पायाला मारलेली हाक."
चहा गार झाला. मी हो म्हटलं.

चार दिवस लागले.
गॅसचे शॉकअप, जरा कडक स्प्रिंग,
टायर एक नंबर रुंद, कडा बुटक्या, हवा तेहतीस.
आणि मला न विचारता
एक इंच खाली.

सवयीनं उचललेला पाय पायरीपेक्षा वर गेला.
तिथंच नायना आठवले.
पूर्व भागातल्या खोलीत, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
चाळीस वर्षं त्यांनी जमिनीलगतच जग पाहिलं:
उंबरठा, येणाऱ्यांचे घोटे, मांजर.
ताणा बोटानं वाजवून बघायचे.
सैल असला तर कापडाला लाटा, फार ताठ तर दोरा तुटतो.
ही गाडी दारात आली तेव्हा
त्यांच्या गुडघ्यांना चढवलं नाही.
मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू.

रविवारी पद्मजा बसली. मी काही बोललो नाही.
आता प्रत्येक गतिरोधक कण्यापर्यंत येतो.
पुलापासून घाटापर्यंत तिनं सतरा खड्डे मोजले,
मोठ्यानं.
तेच वळण आलं. म्हैस नव्हती, तरी मी हळू झालो.
चाकं आणि अंग या वेळी एकत्रच वळलं,
रस्ता तळहाताला खडबडीत लागला.
"कडक केलीय," ती म्हणाली, "माझी कंबर धरणार."
खिडकीची काच खाली केली, बाहेर बघत राहिली.
डबा मात्र तिनं
मांडीवरच धरून ठेवला होता.