कुठली व माय तू

सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये रात्री सव्वादोनला
हिरव्या केळ्यांचे क्रेट छतापर्यंत
आणि भिंतीवर आकडा: उणे एकशे सत्तावीस.
एवढी थंडी खानदेशात पडत नाही.
आकडा म्हणतोय, आत कुणी बोलत नाही.

नवा सेन्सर दुपारीच बसवलाय. जुन्यासारखाच,
तीन पाय, काळं डोकं.

बोर्ड बंद करून चालू करते.
फर्मवेअर उठतं, तारेवर हाक देतं: कोण कोण आहे?
पंखा आपला नंबर सांगतो. ओलावा मोजणारा सांगतो.
नवाही सांगतो, स्वच्छ, दोनदा.
यादीत तो नंबर नाही.
बस.
त्याची बोली जाणणारा ड्रायव्हर
मेमरीत शेजारीच झोपलाय,
त्याला उठवायला कुणी जात नाही.

संध्याकाळी गेटवर हिरामण नेहेते म्हणाले,
"कुठली व माय तू?"
योगिनी. चेहरा कोरा.
योगिनी फिरके. कोराच.
फैजपूरच्या मोटार वाइंडिंगवाल्या फिरकेंची.
"मंग असं सांग ना!"
आणि कुलूप निघालं.

तेवढंच करते.
यादीत नव्याच्या नावापुढे एक नाव वाढवते:
हा ओळखू आला नाही, तर
त्या जुन्याच्या घरातला समजा.

परत चालू. हाक. नंबर.
बोट यादीवरून खाली सरकावं तसं काहीतरी,
मग थांबतं.

सतरा पूर्णांक नऊ.

केळी काही म्हणत नाहीत.
मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढते.
तीन तास इथे उभी आहे,
थंडी आत्ता वाजली.